आईच्या मागचं आभाळ

माणसाच्या मागे काय ठेवायचं, हे ठरवण्याचा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तेवढंच काम आहे. दुकानदार आपला माल घेऊन येतो, त्याबद्दल काय म्हणायचं तेही त्याला पाठ असतं. त्या मालाच्या पाठीमागे काय दिसावं, हे मी बघते. पिपरी मेघेला आमच्या घराची पुढची खोली, तिथं एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. एवढ्यावर वर्ध्याच्या निम्म्या बाजाराच्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालतात, असं मी म्हणते. बाबा म्हणतात, निम्म्या नाही, पाव. बाबांना माझी बढाई चालत नाही.

या मागच्या चित्रावरून माझी जेवढी भांडणं झाली, तेवढी सख्ख्या भावाशी झाली नाहीत. एक कापडवाले शेटजी आहेत. त्यांना साडीच्या मागे पॅरिसचा तो लोखंडी मनोरा हवा असतो. काऊन शेटजी, तर म्हणे, "भारी वाटते." मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे देवळीहून बाई येते लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला, ती पदर बघेल की मनोरा? "दोन्ही पाह्यन," म्हणाले. एका ट्यूशनवाल्या सरांना पास झालेल्या पोरांच्या फोटोमागे आगीचे लोळ हवे होते. जोश दिसला पाहिजे म्हणे. "सर, पोरं पास झाली की जळाली?" असं मी विचारलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. आणि जामच्या चौरस्त्यावरचे ते ढाबेवाले भाऊ! त्यांना शेवभाजीच्या मागे बर्फाचे डोंगर पाहिजेत. उन्हाळ्यात आपल्याकडे माणूस भाजून निघतो, तेव्हा बर्फ बघून गिऱ्हाईक गाडी थांबवेल, असा त्यांचा हिशोब.

मी सगळ्यांना घोकून घोकून सांगायचे. जाहिरात तळहाताएवढ्या काचेवर दिसते, आणि बघणारा बसस्टँडवर उभा राहून अंगठ्यानं भराभर वर सरकवत असतो. मागे गर्दी असली की पुढचा माल हरवतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. अक्षरांना टेकायला थोडी मोकळी जागा लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस अक्षर वाचायच्या आधी मागचा रंग वाचतो, आणि रंग वाचून झाला की बहुतेक वेळा अक्षर वाचतच नाही. हे सगळं मी अशा तोऱ्यात सांगायचे, जसं काही आईच्या पोटातूनच शिकून आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण कोणी केली माहीत नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर मीच असणार.

तर आता आईकडे येते. आमची आई लांब पोळ्या करते. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगते. गव्हाचं पीठ फडक्यानं गाळून घ्यायचं, त्याची कणीक इतकी सैल भिजवायची आणि आपटायची की ती हातातून ओघळू लागते. मग गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकायचा. धोतराच्या पानासारखी पातळ पोळी. पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसते हात. लग्न असो, तेरवी असो, उन्हाळ्यात आमरसाचं जेवण असो, आईला बोलावणं यायचं. पवनारपासून सेलूपर्यंत तिचे हात लोकांना माहीत होते. ती जायची ते मडकं काखोटीला मारूनच. दुसऱ्याच्या मडक्यावर तिचा विश्वास नाही.

मग तिला कॅन्सर झाला. घ्या, लिहिला शब्द. आमच्याकडे तो कोणी उच्चारत नाही, "मोठा आजार" म्हणतात, जसं काही नाव ऐकून तो परत येईल. केमो झाली, ऑपरेशन झालं, पुन्हा केमो झाली. केस गेले. आई बिछान्यावर अशी दिसायची की मी खोलीच्या दारातूनच परत फिरायचे आणि कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी साडीमागचा मनोरा खोडत बसायचे. पण आई त्यातून निघाली. तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टर म्हणाले, आता जे करत होत्या ते सगळं करा. आईनं घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर माळ्यावरचं मडकं उतरवून घेतलं.

डॉक्टरांवर आईनं विश्वास ठेवला. लोकांनी ठेवला नाही. वाईट कोणी वागलं नाही हो, उलट इतके चांगले वागले की आईला राग यायचा. "आता आराम करा बाई, लय केलं." "तुम्ही कायले उभ्या झाल्या? बसा, बसा." आणि पोळ्यांचं बोलावणं दुसऱ्याच बाईला जायचं. आपल्याच गल्लीत आमरसाचं जेवण झालं, आईला पंगतीत बसायला बोलावलं, पोळ्या करायला नाही. परत आली ती तशीच अंगणात जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मले जित्तेपणीच वजा केलं वो लोकायनं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू साऱ्या गावाच्या जाहिराती करते. माही एक कर. आपली बाई हाय म्हणा अजून, एवढं कळू दे लोकायले."

ती जाहिरात मी जीव ओतून केली, आणि तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्याच्या कामात मी दगड असते. आईच्या कामात पाण्यासारखी झाले. नवीन फोटो काढू म्हटलं, तर आई तयार नाही. केस नुकते कुठे बोटभर आले होते, तेही कुरळे. "डोक्यावरून पदर घे," मी म्हटलं. "पदर घेऊन का मी पोळ्या करतो? चुलीत जाईन न पदर." मग तिचा एका लग्नातला जुना फोटो घेतला. जरीची साडी, लांब वेणी, गोल कुंकू, हसरा चेहरा. तेवढा चेहरा कापून घेतला आणि मागे काय ठेवावं म्हणून बसले.

गव्हाच्या रंगाचा पिवळा लावून पाहिला. तिखट वाटला. शेताचा हिरवा लावला, तर खताची जाहिरात दिसू लागली. लाल लावला, तर आई निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसली. मनात एकच होतं की या बाईनं फार सोसलं आहे, तिच्या मागे काहीतरी शांत असावं. म्हणून फिकट निळं आभाळ घेतलं. त्यात पांढरे मऊ ढग, वरून हलका उजेड उतरतो आहे असं. खालच्या दोन कोपऱ्यांत पांढरी शेवंती. आईच्या फोटोच्या कडा इतक्या मऊ केल्या की ती ढगात विरघळून गेली. वर तिचं नाव मोठ्या अक्षरात. अगदी खाली, आभाळ झाकलं जाऊ नये म्हणून बारीक अक्षरात, "लांब पोळ्यांच्या ऑर्डर पुन्हा सुरू. आपले आशीर्वाद असू द्यावेत."

इतकं सुंदर दिसत होतं की माझे डोळे भरून आले. बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, "चांगली दिसून राह्यली," म्हणाले आणि एकदम बाहेर निघून गेले. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती. आईनं चष्मा न लावताच पाहिलं. "निळं बरं दिसते. टाकून दे," म्हणाली आणि परातीत कणीक भिजवायला बसली, कारण जाहिरात आली की लोक येतील आणि आपला हात चालू पाहिजे, असा तिचा विचार. मी सकाळीच ते फेसबुकवर टाकलं, स्टेटसला ठेवलं, फोन पिशवीत टाकला आणि जामची बस पकडली. ढाबेवाल्या भाऊंच्या शेवभाजीचे खरे फोटो काढून, ते बर्फाचे डोंगर एकदाचे त्यांच्या डोक्यातून उतरवायचे होते.

बसमध्ये मी झोपले. जामला उतरले तर भाऊ गल्ल्यावरून उठून रस्त्यापर्यंत आले. नेहमी आरोळी मारतात, आज हात जोडले.

"ताई, तुम्ही कायले आल्या जी आज? फोटो काय पळून चालले होते?"

"काऊन? आजचंच तर ठरलं होतं आपलं."

"अवो, पण घरी असं झाल्यावर…" त्यांनी आत बघून पाणी मागवलं. "आईचं समजलं. लय वाईट झालं. किती वेळा तुम्ही त्यायच्या पोळ्यायचं सांगत होत्या मले."

आता कोणीही म्हणेल, विचारायचं नाही का, काय समजलं म्हणून? नाही विचारलं मी. ज्या घरात वर्षभर ती भीती बसून असते, तिथं विचारावं लागत नाही. मला वाटलं, झालं. सकाळी मी निघाले, आई परातीवर वाकलेली होती, आणि मी बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपले होते तेवढ्यात झालं. "कधी?" एवढंच तोंडातून निघालं. भाऊ म्हणाले, "आजच सकाळी आलं न मोबाईलवर." मी घरी फोन लावला. आईचा वाजत राहिला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. बाबांचा लावला, तो बिझी. पुन्हा लावला, बिझी. पुन्हा आईचा. भाऊंनी पुढचं काही बोलू दिलं नाही. ऐन जेवणाच्या वेळी ढाबा स्वयंपाक्याच्या हवाली केला, जीप काढली आणि म्हणाले, "बसा."

जीपमध्ये मी आईशी बोलत होते. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. काय बोलत होते ते आता आठवत नाही. भाऊ समोर बघून गाडी हाणत होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की फोन सारखा थरथरतो आहे. मावसबहिणीचे फोन येऊन गेलेले, मामाचे येऊन गेलेले, आणि त्यांच्यावर फेसबुकचे संदेशच संदेश. भावपूर्ण श्रद्धांजली. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. विनम्र आदरांजली. जोडलेल्या हातांची नुसती रांग. सगळ्यात पहिली श्रद्धांजली कोणाची असावी? आमच्या पॅरिसवाल्या शेटजींची. "अन्नपूर्णा हरपली" असं लिहिलं होतं. हे सगळे लोक कुठे रडत आहेत म्हणून मी वर सरकवत गेले, तर वर माझीच जाहिरात.

आणि मग मी ते चित्र, दुसऱ्या कोणी केलेलं असावं तसं, पहिल्यांदा पाहिलं. निळं आभाळ, पांढरे ढग, वरून उतरणारा उजेड, कोपऱ्यात पांढरी शेवंती, मधे जुना हसरा फोटो, कडा विरघळलेल्या. अगं माय! आपल्याकडे माणूस गेलं की संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो याच आभाळात जातो. वाढदिवस असला की मागे सोनेरी किरणं आणि फुगे, गेलं की निळं आभाळ. शेंबडं पोरही हे ओळखतं. आणि तसले फोटो करून द्यायला लोक कोणाकडे येतात? माझ्याकडे! कोणाचे ना कोणाचे आजोबा, कोणाची सासू, दर थोड्या दिवसांनी असतंच. ते आभाळ कॉम्प्युटरवर सगळ्यात वर, हाताशी पडलेलं होतं. शांत काहीतरी हवं म्हणून मी हात घातला आणि माझ्या जिवंत आईला उचलून त्यात ठेवलं. दुनियेला शहाणपण शिकवणारी मी, एवढी भैताड निघाले.

मी हसायला लागले. भाऊ घाबरले. त्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "पाणी प्या ताई, पाणी प्या," म्हणत त्यांनी जीप बाजूला घेतली. मी त्यांना सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, लांब धरला, जवळ धरला, आणि खालची बारीक ओळ बोट ठेवून वाचली. "लांब पोळ्यांच्या ऑर्डर पुन्हा सुरू." मग माझ्याकडे असं पाहिलं की जमीन फाटून पोटात घेईल तर बरं वाटावं.

"अवो ताई, हे कोण वाचते? मी तं फोटो पाह्यला अन् हात जोडले. सकाळपासून मी दुःखात हाय, चहा नाई घेतला. अन् तुम्ही मले म्हणता, बर्फाचे डोंगर चुकीचे?"

मी म्हटलं, भाऊ, चला, गाडी काढा. कारण आईचा फोन अजून कोणी उचलत नव्हतं. डोक्याला कळलं होतं की काही झालं नाही, पण पोटाला पटलं नव्हतं. आईला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पटणार नव्हतं.

गल्लीत शिरलो तर आमच्या दारात चपलांचा ढीग. असा ढीग कधी लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यात घराच्या मागून धूर दिसला. चुलीचा चांगला जाड धूर. भाऊ म्हणाले, "ताई, चूल पेटली हाय." मरणाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मी चपला न काढताच घरातून आरपार मागच्या अंगणात धावले.

आई चुलीपुढे उभी होती. कोपरापर्यंत कणीक, बोटभर कुरळे केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि भोवती दहा-बारा बाया. बाबा कोपऱ्यात कानाला फोन लावून एकच वाक्य म्हणत होते, "जित्ती हाय. हो, जित्ती हाय. पोळ्या करून राह्यली." ते ठेवत की पुन्हा वाजे, पुन्हा "जित्ती हाय." मी जाऊन आईच्या गळ्यात पडले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. लाज वाटली नाही. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तिच्या अंगाला कणकेचा आणि धुराचा वास येत होता.

"आता तू तं नको रडू वो," आई म्हणाली. "सकाळपासून माह्या घरी हेच चालू हाय. हट, पोळी जळीन माही."

मग काय काय झालं ते तिनं सांगितलं, हात चालू ठेवून. "मी आपली इथी मडकं तापवून राह्यलतो. समोरून कोणी बाई टाहो फोडत आली. मी म्हटलं, बाप्पा, गल्लीत कोण गेलं? कालपर्यंत तं सारे बरे होते. तशीच गेली दारात, भरल्या हातानं. पाह्यतो तं ही! फाटकाले डोकं लावून रडून राह्यली. मी इचारलं, कोण गेलं वो? तिनं वर पाह्यलं अन् मटकन खालीच बसली."

"ही" म्हणजे माझी काकू, आईची धाकटी जाऊ. पवनारला राहते. ती तिथंच होती, पायरीवर, डोळे सुजलेले, मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून. मरणाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या, नात्यातल्या बाया पिठलं-भाकर करून नेतात, तसं तिनं घाईघाईत करून आणलं होतं. बाकीच्या बाया हसत होत्या, आईला चिमटे काढून बघत होत्या, "भूत तं नाई न वो?" म्हणत होत्या. काकू हसत नव्हती. कारण आई आजारी असताना काकू एकदाही आली नव्हती. पवनार ते वर्धा, बसमध्ये बसायचं म्हटलं तर घटकाभराचा रस्ता, आणि सगळ्या वर्षात ती एकदाही आली नाही. काका यायचे, फळं ठेवायचे, "तिले बरं नाई," म्हणायचे. आई मात्र फाटक वाजलं की मान उचलून बघायची. मी काकूला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या.

आईनं हात धुतले, काकूजवळ जाऊन बसली आणि डबा तिच्या मांडीवरून काढून घेतला. झाकण उघडलं. भाकर मोडली, पिठल्याला लावली, खाल्ली.

"मीठ कमी हाय," आई म्हणाली.

"रडता रडता केलं, जाऊबाई," काकू म्हणाली, आणि बांध फुटला. "आली नाई मी. माही माय अशीच गेली न. तिचे केस असेच… मले तुमाले तसं पाह्यनं झालं नसतं. रोज ठरवत होतो, उद्या जातो, उद्या जातो. आज मोबाईलवर तुमचा फोटो पाह्यला अन् वाटलं, आता कधीच नाई."

"बरं झालं मंग मी मेली ते," आई म्हणाली. "नाई तं आली नसती तू." आणि पुढचा घास मोडला. "पोट्टे हो, माह्या मरणाचं पिठलं मीच खाऊन राह्यलो. कोणाच्या नशिबात असते असं?"

मग जे हसणं सुटलं! ढाबेवाले भाऊ सगळ्यात मोठ्यानं. ते दारात चपला हातात घेऊन उभे होते. आईनं त्यांना आत ओढलं, पाट दिला. रडून रडून सगळ्यांना भूक लागलेली होती, आणि ज्यांना आई मेली असं वाटलं होतं ते सगळे तिच्याच हातच्या गरम लांब पोळ्या खात बसले. कोणीतरी वांग्याची भाजी करून आणली. भाऊंनी सकाळपासूनची कसर काढली. आईच्या हातांकडे मी बघत होते. गोळा या हातावरून त्या हातावर जात होता, लांब होत होता, पातळ होत होता, आणि त्यातून पलीकडचा जाळ दिसत होता.

मी जाहिरात काढून टाकायला मोबाईल उघडला, तर आई म्हणाली, "काढून टाक, पण दुसरी टाक. आत्ताच. नाई तं लोकं सावडायले येतीन." मी म्हटलं, केसांचं काय? "मेल्यापेक्षा बोटभर केस बरे," म्हणाली.

मी मोबाईल धरला. माझ्यातल्या धंदेवाल्या बाईला ते सगळं चुकीचं दिसत होतं. मागे निळीच्या चुन्यानं रंगवलेली पोपडे आलेली भिंत. दोरीवर बाबांचा बनियन. बादली. एका कोपऱ्यात भाऊंचं अर्धं तोंड, त्यात पोळी. धूर. मी दोन पावलं सरकले, बादली तेवढी पायानं बाजूला केली आणि बाकीचं राहू दिलं. आईच्या डोक्यावर भिंतीचा मोकळा निळा तुकडा होता, तिथं पांढरी अक्षरं छान बसली असती. आईनं पोळी पूर्ण लांबवली, दोन्ही हात पसरलेले, आणि मी फोटो काढला. निळा रंग या चित्रातही होताच की. पण त्यावर धुराचे काळे डाग होते, खिळा होता, खिळ्याला झारा लटकत होता. तिथं कोणी मरू शकत नाही, तिथं फार काम पडलेलं असतं.

अक्षरं मोठी टाकली, आंधळ्यालाही दिसतील अशी. तिथंच चुलीजवळ बसून टाकली. पहिला संदेश आला तो पुन्हा शेटजींचा, "आई आहेत???" त्याखाली लगेच दुसरा, "दिवाळीच्या जेवणाला आमच्याकडे." मग ओळखीचे, अनोळखी, हसणारी तोंडं, लाल बदाम, आणि मधूनच एखादा अजूनही श्रद्धांजली वाहत होता, कारण काही लोक रंगही वाचत नाहीत. त्यांना बाबा फोन करून सांगत होते. आईला मी सगळं वाचून दाखवलं. "पाह्य," ती म्हणाली, "बलावतात लोकं," आणि पदरानं तोंड पुसलं. पदर बराच वेळ तोंडावरच राहिला.

ऊन उतरल्यावर बाया एकेक करून निघाल्या. भाऊ जामला परत गेले. जाताना बर्फाच्या डोंगरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला, आणि त्या दिवशी मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. काकू सगळ्यात शेवटी उठली. रिकामा डबा तिनं घासून घेतला होता. फाटकापर्यंत गेली, तिथून परत आली, आणि पायरीवर तशीच उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं, धीर होत नव्हता.

"जाऊबाई, पोट्टीचं जमलं आमच्या," ती म्हणाली. "वैशाखात लग्न धरलं हाय. हळदीच्या दिवशीच्या पोळ्या… तुम्ही करसान?"

दिवाळीसुद्धा अजून व्हायची होती. वैशाख म्हणजे दिवाळी, मग संक्रांत, मग होळी, मग पाडवा, आणि त्याच्याही पुढे. आजार कळल्यापासून आमच्या घरात पुढच्या तपासणीच्या पलीकडच्या कोणत्याही दिवसाला कोणी हो म्हटलेलं नव्हतं. कोणी आमंत्रण दिलं की बाबा "बघू" म्हणायचे, मी "कळवते" म्हणायचे. आताही बाबांनी "बघू" म्हणायला तोंड उघडलं होतं.

आई नखातली वाळलेली कणीक काढत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"वैशाखात न? येतो," ती म्हणाली. "लाकडं तेवढी आत्तापासून वाळू घालजो. ओल्या लाकडाचा धूर मले चालत नाई."